नगराची वही

सन १८८२ मध्यें ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियर प्रसिद्ध झालें. अभ्यासकांस तें आजही उपयोगी पडतें. परंतु छापील ग्रंथ छापल्या दिवसापासून जुना होऊं लागतो. कल्याणच्या पत्री पुलाचेंच उदाहरण पहावें. जुना पूल २०१८ सालीं पाडला गेला. नवा २०२१ सालीं खुला झाला. मधल्या काळांत जुनी मार्गदर्शिका पाहून निघालेला प्रवासी वाटेंतच अडला असता.

ह्या अडचणीवर ‘विकि’ हा उपाय आहे. विकि म्हणजे आंतरजालावरील अशी पानें, कीं जीं वाचणारालाच तेथल्या तेथें सुधारतां येतात. वॉर्ड कनिंगहॅम ह्यांनीं पहिली विकि १९९५ सालीं सुरू केली. मराठी विकिपीडिया ज्या ‘मीडियाविकि’ आज्ञावलीवर चालतो, ती विनामूल्य असून तिची घडण सर्वांस खुली आहे. म्हणून एखादें ग्रंथालयही आपल्या नगरापुरती विकि उभारूं शकेल. कॅलिफोर्नियांतील डेव्हिस गांवीं २००४ सालीं अशी नगर-विकि निघाली.

कोणी खोडसाळपणें खोटें लिहिलें तर काय, अशी शंका श्रोत्यांस येईल. प्रत्येक पानाच्या पूर्वीच्या आवृत्त्या जपलेल्या असतात. त्यामुळें मूळचा मजकूर परत आणतां येतो. पूल कधीं पडला, कधीं उभा राहिला, हा इतिहासही त्यांत आपोआप सांठतो. मात्र खरें-खोटें आज्ञावलीला कळत नाहीं. तें डोंबिवलीच्या रोजच्या प्रवाशाला आणि मासुंदा तलावाकांठच्या ठाणेकराला कळतें. त्यांनीं लिहिलें नाहीं, तर वही कोरीच राहील.