पिकअप अडली? आधी लक्षण, मग पाना



बैलाने रवंथ थांबवली की आपण त्याचे कान चाचपतो, शेण पाहतो आणि मगच डॉक्टरांना निरोप धाडतो. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या डिझेल पिकअपलाही हीच रीत लावावी. टोमॅटोचे कॅरेट भरून बाजाराला निघालेली गाडी वाटेत थांबली आणि लिलाव चुकला, तर सगळ्या घराची मेहनत वाया जाते. घाईने नवी बॅटरी आणावी आणि दोष सैल वायरीचा निघावा, म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला! म्हणून सोपे व स्वस्त ते आधी तपासावे, महागडे शेवटी.

सेल्फ फिरत नाही

किल्ली फिरवल्यावर नुसता ‘कट्‌’ आवाज होऊन दिवे मंदावले, तर प्रथम बॅटरीची टोके पहा. त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली की वीज पुरती पुढे जात नाही. आधी ऋण (–) टोक सोडवा, मग धन (+). खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने टोके धुवा. ते पाणी बॅटरीत जाऊ देऊ नका. कोरडी करून घट्ट बसवा. जोडताना धन आधी, ऋण शेवटी. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. झाकणाच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे; विहिरीच्या पाण्यातील क्षारांनी ती लवकर खराब होते.

साधे मल्टिमीटर घरी असू द्या. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना आकडा साधारण 13.8 ते 14.4 वर गेला पाहिजे. तो चढलाच नाही तर बॅटरीला दोष देऊ नका. पट्टा सैल असेल किंवा अल्टरनेटर बिघडला असेल.

दिवा किंवा हॉर्न बंद पडला तर फ्यूज पहा. जितक्या अँपिअरचा होता तितक्याच अँपिअरचा नवा बसवा. तार गुंडाळून काम भागवल्यास वायरिंग तापून गाडी पेटू शकते.

सेल्फ फिरतो, पण इंजिन चालू होत नाही

टाकी रिकामी झाली होती का, हे आठवा. तसे असेल तर डिझेलच्या नळीत हवा शिरलेली असते. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू थोडा सैल करा आणि हातपंप दाबत राहा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू घट्ट करा. कॉमन रेल इंजिनाच्या दाबाच्या नळ्यांना मात्र हात लावू नका; त्यांतील डिझेलची धार कातडीत घुसते. फिल्टरखाली पाणी साचले असेल तर तेही काढून टाका.

धूर काय सांगतो?

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर फिल्टर धुळीने भरला आहे का ते आधी पहा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालतो. तो थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणीही घटत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्या. ऑइल ताकासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. इंजिन मुळीच चालू करू नका.

गाडी तापली तर

काटा वर गेला की कडेला थांबा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका; वाफेने तोंड-हात भाजतात. पूर्ण निवल्यावर पाणी, पट्टा आणि जाळीत अडकलेला भुसा तपासा.

ब्रेकला घरचा इलाज नाही

ब्रेकचे पायडल खाली जाते, दोन-तीनदा दाबल्यावरच ब्रेक लागतो, किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसते, असे काही आढळले तर गाडी जागीच ठेवा आणि मेकॅनिकला बोलावून घ्या. ‘एवढी खेप टाकून येतो’ हा विचार मनातही आणू नका. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावे. घाट उतरताना खालचा गियर ठेवावा. सतत दाबलेला ब्रेक तापून लागेनासा होतो. पासिंगपेक्षा जास्त माल भरू नये आणि मालावर माणसे बसवू नयेत.

शेवटी एक सांगणे. दारामागे एक वही टांगा. ऑइल कधी बदलले, फिल्टर कधी, त्या वेळी किती किलोमीटर झाले होते, एवढे तिच्यात लिहा. हे काम शाळेत जाणारी मुलेही आवडीने करतील. माल भरण्याच्या आदल्या संध्याकाळी ऑइल, पाणी, ब्रेक, दिवे आणि टायर पाहून घ्या. उजेडात सापडलेला दोष दारातच दुरुस्त होतो. रात्री घाटात सापडलेला फार महाग पडतो.