सरकारचा हिशेब कोण तपासतो?

गावच्या उत्सवाला आपण वर्गणी देतो. उत्सव झाला की चारचौघांत हिशेब वाचला जातो. कोणी विचारतो, "मांडवाला एवढे पैसे कसे लागले?" मग पावती दाखवावी लागते.

सरकारचेही तसेच आहे. साबणाची वडी घेतली तरी तिच्या किंमतीत कर असतो. त्या पैशातून रस्ते होतात, शाळा चालतात. हा पैसा नीट खर्च झाला का?

हे तपासणारे मोठे अधिकारी आहेत. त्यांना नियंत्रक व महालेखापरीक्षक म्हणतात. त्यांना राष्ट्रपती नेमतात. कोणाही मंत्र्याला त्यांना काढता येत नाही. ज्याचा हिशेब तपासायचा, त्याचीच भीती असली तर तपासणी खरी कशी होईल?

महाराष्ट्र सरकारच्या हिशेबाचा अहवाल ते राज्यपालांना देतात. राज्यपाल तो विधिमंडळापुढे ठेववतात. मग आमदारांची लोकलेखा समिती तो पाहते. या समितीत मंत्री नसतात. समिती खात्याच्या सचिवाला, म्हणजे सर्वांत वरच्या अधिकाऱ्याला बोलावते. 'पैसा गेला, मग काम अपुरे का?' असे विचारते. त्याला उत्तर द्यावेच लागते. समिती आपले म्हणणे सभागृहापुढे मांडते. पुढे काय केले, हे खात्याला कळवावे लागते.

समितीला शिक्षा करता येत नाही. पण झाकलेली गोष्ट उजेडात येते. सभागृहापुढे आलेला अहवाल कोणालाही वाचता येतो.

आणि आता तुम्हाला वाचता येते! आमदार मत मागायला दारी आले, की विचारा, "साहेब, यंदाच्या अहवालात काय लिहिलंय? तुम्ही त्यावर काय बोललात?"

पैसा आपला आहे. हिशेबही आपणच मागायचा.