नोटरीच्या शिक्क्याने घटस्फोट होत नाही

स्टॅम्पपेपरवर दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा लाल शिक्का, की झाली काडीमोड, असा समज गावात आणि शहरातही आहे. कागद इतका सरकारी दिसतो की तसं वाटणं साहजिकच. पण सही याच माणसांनी केली, एवढंच नोटरी सांगतो. हिंदू विवाह सहसा संपतो तो न्यायालयाच्या हुकूमनाम्याने (डिक्री, म्हणजे अंतिम लेखी आदेशाने). शेताचा सौदा बांधावर पक्का झाला, तरी तेवढ्याने सातबाऱ्यावर नाव चढत नाही, तसंच हे.

हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 13 ब नुसार पती-पत्नी किमान एक वर्ष विभक्त राहत असतील, तर संमतीने एकत्र अर्ज करता येतो. विभक्त म्हणजे वेगळ्या घरातच, असं मात्र नाही. एका छपराखाली राहून संसार थांबलेला असला तरी चालतं. सहा महिन्यांनी दोघांना पुन्हा संमती सांगावी लागते. ही मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटलं. काही समाजांतली रूढीने होणारी फारकत कायदा मानतो, पण वाद झाला तर ती रूढी सिद्ध करावी लागते.

नोटरीच्या कागदावर विसंबून केलेलं दुसरं लग्न अवैध ठरू शकतं, शिवाय द्विविवाहाचा गुन्हाही. तो कागद वकिलाला जरूर दाखवावा. पोटगी, मुलांचा ताबा, स्त्रीधन यांबद्दल त्यात ठरलेलं संमतीच्या अटींमध्ये घालता येतं.