हेन्री ऑक्झिंडेनची वकिलात व कल्याणचा व्यापार

शिवराज्याभिषेकाच्या वर्णनांत हेन्री ऑक्झिंडेन याचें नांव बहुधा नजराणा घेऊन आलेला इंग्रज वकील एवढ्यापुरतेंच येतें. परंतु राज्याभिषेक हा त्याच्या येण्याचा प्रसंग होता. हेतु व्यापाराचा होता. परराज्यांत गेलेला वकील स्वदेशीयांचा व्यापार कसा वाढवितो, हें पाहण्यास ही वकिलात उत्तम उदाहरण होय.

मुंबई बेट इ. स. १६६८ त इंग्रज कंपनीकडे आलें. बंदर चांगलें, पण पाठीशीं मुलूख नाहीं, अशी त्याची स्थिति होती. घांटावरील माल उतरण्याचें जवळचें ठिकाण कल्याण. आणि तें इ. स. १६५७ त शिवाजीमहाराजांनीं घेतल्यावर मध्यंतरीं मोंगलांकडे जाऊन पुन्हां मराठ्यांच्या हातीं आलें होतें. म्हणून मुंबईचा गव्हर्नर जेरॉल्ड आंजिअर यानें इ. स. १६७४ च्या मे महिन्यांत ऑक्झिंडेनास रायगडीं पाठविलें. नारायण शेणवी हा दुभाष्या या वाटाघाटींत होता. दरबाराकडून बोलणें निराजीपंतांनीं केलें.

वकिलाच्या मागण्या पाहिल्या म्हणजे त्याच्या कामाचा क्रम ध्यानीं येतो. प्रथम जुना तंटा मिटविणें: राजापूरच्या वखारीच्या लुटीबद्दल दहा हजार होनांची भरपाई ठरली. दुसरें, राहण्यास व माल ठेवण्यास जागा: राजापूर, दाभोळ, चौल व कल्याण येथें वखारी घालण्याची मोकळीक मिळाली. तिसरें, जकातीचा निश्चित दर: शेंकडा अडीच. दर आधीं कळला म्हणजेच व्यापारी भांडवल गुंतवितो.

दोन मागण्यांस मात्र महाराजांचें उत्तर मार्मिक होतें. इंग्रजी नाणें राज्यांत चालावें, यावर ते म्हणाले कीं, कोणत्याहि नाण्यास आमची मनाई नाहीं. पण ज्यांत प्रजेस तोटा, तें घेण्याची तिजवर सक्ति करितां येत नाहीं. किनाऱ्यास लागलेलीं फुटकीं गलबतें परत द्यावीं, यावर उत्तर आलें कीं, कोंकणच्या वहिवाटीस हें सोडून आहे. इंग्रजांस दिलें तर फ्रेंच व डचहि मागतील. वकील आपल्या लोकांचें हित पाहतो, तसाच राजा आपल्या प्रजेचें.

राज्याभिषेक ६ जून रोजीं, म्हणजे ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ ला झाला व तह १२ जून रोजीं. तथापि तहाच्या कागदानें मार्ग पूर्ण मोकळा होत नसे. कल्याणाहून मुंबईस जाणारें तारूं ठाण्याच्या खाडींतून जाई, आणि ठाणें त्या वेळीं पोर्तुगीजांचें होतें. तेथें व करंजास ते मुंबईच्या मालावर जबर जकात घेत. रायगडीं मिळालेली सवलत ठाण्याच्या नाक्यावर उणी होई. हा नाका पोर्तुगीजांच्या हातून इ. स. १७३७ त गेला.

तहाचा इंग्रजी पक्ष छापून प्रसिद्ध आहे. शेंकडा अडीचचें कलम कल्याणच्या धक्क्यावर कसें वागविलें गेलें, हें सांगणारे साक्षीदार म्हणजे जकातीचे मोडी कागद. राजपत्रें व शिक्के यांच्या मागें लागतांना केवळ जमाखर्चाचे म्हणून असे कागद बाजूस टाकले जातात. कल्याण, भिवंडी व ठाणें येथील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत असा एखादा फर्द आढळल्यास संग्राहकांनीं तो जपून ठेवावा, व प्राप्तिस्थानासह त्याची नक्कल प्रसिद्ध करावी, अशी विनंति आहे.