वाट दाखवणाऱ्या फिती

घोड्यांची शर्यत म्हटलं की आपल्याला रेसकोर्सच आठवतो. मी राहते त्या कॅलिफोर्नियात मात्र ‘टेव्हिस कप’ ही वेगळीच शर्यत आहे. १९५५ साली सुरू झालेली. सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडून ऑबर्न गावापर्यंत १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, २४ तासांत! बायका-पुरुष एकत्रच उतरतात. १९६१ मध्ये ड्रुसिला बार्नर या बाईने ती जिंकलीही.

मी स्पर्धक नाही हं, स्वयंसेवक. शर्यतीआधी आम्ही काहीजणी घोड्यावरून वाट तयार करतो. खोगिराच्या पिशवीत रंगीत फिती, छोटी करवत, पाणी. आई फोनवर विचारते, “चालत का नाही जात गं?” अगं आई, चालणाऱ्याच्या डोक्यावरून जाणारी फांदी स्वाराच्या नेमकी कपाळावर येते! घोड्यावर बसल्याशिवाय ती कळतच नाही. ती कापायची, वळणाआधी फीत बांधायची, वळणानंतर आणखी एक. म्हणजे स्वाराची खात्री पटते.

कारण वाट चुकली तर उन्हात जादा मैल पडतात ते मुक्या जनावराला. वाटेत पशुवैद्य त्याची नाडी बघतात, लंगडतोय का बघतात. नापास झाला, की शर्यत तिथेच संपली.

नंतर फिती सोडून आणायच्याही आम्हीच. बक्षिसांत आमचं नाव नसतं. पण पहाटेच्या अंधारात एखादा दमलेला घोडा धडधाकट पायांनी ऑबर्नला पोचतो, तेव्हा हातावरचे फोड दुखेनासे होतात बघा!