सातासमुद्रांपलीकडचे हक्काचे घर

मुलगा न्यू जर्सीत, मुलगी कॅलिफोर्नियात आणि आपण कोथरुडात, अशी ज्यांच्या संसाराची त्रिस्थळी झाली आहे, त्या निवृत्त दांपत्यांच्या मनात अलीकडे एक विचार वारंवार डोकावतो: दर वर्षी जायचेच आहे, तर मुलांच्या शेजारी आपले स्वतःचे लहानसे घर का असू नये? हा विचार केवळ पैशाच्या मस्तीतून उपजतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. जिने जन्मभर स्वतःच्या स्वयंपाकघरावर निर्वेध राज्य केले, तिला सुनेच्या ओट्याशी उभे राहून मोहरी कुठे आहे हे विचारावे लागते. फोडणीचा धूर छताला लावलेल्या यंत्रापर्यंत पोहोचताच सारे घर कर्कश भोंग्याने दणाणते, आणि नातू टॉवेल हलवीत तो धूर हाकलू लागतो. शिवाय तिकडच्या दुमजली घरांत निजण्याच्या खोल्या आणि न्हाणीघर बहुधा वरच्या मजल्यावर असल्यामुळे, ज्याचे गुडघे कुरकुरतात त्याला आंघोळीसाठीसुद्धा जिना चढणे प्राप्त होते.

तेव्हा इच्छा रास्त आहे. प्रश्न व्यवहाराचा आहे. त्यात आपल्या सरकारदरबारची बाजू तुलनेने सोपी म्हणावी लागेल. 2004 साली रिझर्व्ह बँकेने प्रथम वर्षाला 25 हजार डॉलर परदेशी पाठवण्याची मुभा दिली. ती मर्यादा वाढत वाढत आज माणशी, दर आर्थिक वर्षाला, अडीच लाख डॉलरवर आली असून तीत स्थावर मिळकतीची खरेदीही बसते. पतिपत्नींनी आपापला हिस्सा एकत्र केला आणि काही रक्कम मार्चअखेर, काही एप्रिलारंभी पाठवली, तर दहा लाख डॉलरपर्यंतची मजल कायद्याच्या चौकटीत मारता येते. मात्र या कामी येथील बँक कर्ज देऊ शकत नाही. वर्षाला दहा लाख रुपयांवरील रकमेवर बँक 20 टक्के कर आगाऊ कापून घेते, जो पुढे विवरणपत्रात वळता होतो. आणि ते परदेशी घर दर वर्षी विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात नमूद न केल्यास 2015 च्या काळ्या पैशाविरोधी कायद्याखाली दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

खरी मेख पलीकडच्या किनाऱ्यावर आहे. अमेरिकेत परकीय माणसाने घर घेण्यास सामान्यतः आडकाठी नाही, आणि यामुळेच अनेकांचा समज होतो की घराबरोबर राहण्याचा हक्कही पदरात पडतो. तसे मुळीच नाही. खरेदीखत आणि व्हिसा यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नसून, दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा पासपोर्टावर असला तरी प्रत्येक खेपेस किती दिवस राहायचे, बहुधा सहा महिने, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो.

त्याहून सूक्ष्म गोष्ट कराची. या वर्षीचे मुक्कामाचे दिवस, गतवर्षीच्या दिवसांचा तिसरा हिस्सा आणि त्याआधीच्या वर्षीच्या दिवसांचा सहावा हिस्सा यांची बेरीज 183 झाली की अमेरिकेचे करखाते त्या पाहुण्याला रहिवासी मानू लागते. म्हणजे तीन वर्षे ओळीने दर वर्षी 122 दिवस राहणारे आजोबा, पेन्शन पुण्यात घेत असूनही, त्या हिशेबात सापडतात. आपले खरे घर भारतातच आहे असे दाखवून यातून सुटता येते, पण तेथे स्वतःच्या नावाने विकत घेतलेले घर त्या दाव्याला बळकटी आणणारे नव्हे.

आणि वारसा! अनिवासी परकीयाच्या मृत्यूनंतर अमेरिकेतील त्याच्या मिळकतीपैकी केवळ पहिले 60 हजार डॉलर करमुक्त असतात. चार लाख डॉलरचा फ्लॅट आईच्या एकटीच्या नावावर, बिनकर्जाचा असेल, तर वारसांना एक लाख डॉलरहून अधिक कर भरावा लागू शकतो. भारताशी अमेरिकेचा या कराबाबत करारही नाही. घर हयातीतच विकायचे म्हटले, तर खरेदीदार सामान्यतः किमतीचे 15 टक्के प्रथम करखात्याकडे भरतो, मग उरलेले विक्रेत्याच्या हाती येतात. न्यू जर्सीत घरपट्टीची सरासरीच वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात जाते, आणि हिवाळ्यात बंद घराचे नळ गोठून फुटले, तर घर रिकामे होते या कारणास्तव विमा कंपनी हात वर करू शकते. पंचावन्न वर्षांवरील लोकांसाठी बांधलेल्या टुमदार वसाहती एडिसनजवळच्या मन्‍रो गावी पुष्कळ आहेत, पण तिथल्या नियमांत नातवंडांच्या मुक्कामाला बहुधा दिवसांची मर्यादा असते. ज्यांच्यासाठी घर घेतले त्यांनाच उंबऱ्याशी अडवणारा हा प्रकार मला तरी विलक्षण वाटतो.

अन्यत्र तर दारच बंद आहे. कॅनडाने परकीयांच्या गृहखरेदीवर 2023 पासून 2027 च्या आरंभापर्यंत बंदी घातली आहे. मात्र त्याच देशाच्या सुपर व्हिसावर आईवडिलांना एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते. सिंगापूर परकीयाकडून किमतीच्या 60 टक्के जादा मुद्रांकशुल्क घेते. अपवाद दुबईचा: ठरावीक भागांत परकीयांना पूर्ण मालकी मिळते, वीस लाख दिरहमच्या मिळकतीवर दहा वर्षांचा रहिवास लाभू शकतो, आणि मुंबईहून विमान तीन-साडेतीन तासांत पोहोचते.

म्हणून माझे मत असे, की मुले दुबईत असतील तर आईवडिलांनी स्वतःच्या नावे घर जरूर घ्यावे, फक्त तेथील मृत्युपत्र नोंदवण्यास विसरू नये. अमेरिकेत मात्र मालकीचा हव्यास सोडून तीच रक्कम मुलाला बक्षीस द्यावी आणि त्याच्या घराच्या तळमजल्यावर न्हाणीघरासह एक खोली काढवून घ्यावी. कॅलिफोर्नियात तर 2020 च्या कायद्यांपासून बहुतेक घरांच्या आवारात चुलीसकट स्वतंत्र छोटे घर बांधता येते. वर्षभरात एक लाख डॉलरहून अधिक बक्षीस परदेशातून आल्यास मुलाने ते तेथील करखात्याला कळवावे लागते, कर त्यावर पडत नाही. कोथरुडचा फ्लॅट विकून हे काही करू नये. आणि इसाराची रक्कम पाठवण्यापूर्वी येथील सनदी लेखापाल व तेथील करसल्लागार या दोघांची एकमेकांशी गाठ घालून द्यावी. दोघांचे म्हणणे एकट्या मुलाच्या तोंडून ऐकून सही करू नये.