पीवणा श्वास पीत नाही

पश्चिम राजस्थानात, जैसलमेर, बाडमेर, बिकानेरकडच्या ढाण्यांमध्ये, म्हणजे छोट्या वस्त्यांमध्ये, ‘पीवणा’ या सापाची मोठी दहशत आहे. तो चावत नाही, झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून त्याचा श्वास पितो आणि उजाडायच्या आत निघून जातो, असं सांगतात. प्रत्यक्षात ही सिंधकडची मण्यार, आपल्या मण्यारीची वाळवंटातली भावकी. ती चावतेच. पण तिचे दात बारीक, दंशाची जागा फारशी दुखत नाही की सुजत नाही, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला कित्येकदा जागही येत नाही. विष नसांकडून स्नायूंकडे जाणारा संदेश अडवतं. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. अंगावर खूण नाही आणि श्वास अडकलेला, हे ज्यांनी पाहिलं त्यांनी नीटच पाहिलं होतं; फक्त त्याचं कारण चुकीचं लावलं.

यापेक्षा घातक गैरसमज शहाण्यासुरत्या माणसांतही आढळतो: दिसला साप मारला की घर सुरक्षित झालं. दंश बहुतेकदा न दिसलेल्या सापाचा होतो. मण्यार अंथरुणात शिरते. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात असतं ते फुरसं थरच्या वाळवंटातही आहे, आणि तिथलं चांगलंच मोठं होतं. दिवसा ते अंग वाळूत पुरून पडतं, अंधार पडला की बाहेर येतं, आणि अनवाणी पाय नेमका त्यावर पडतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, आणि जास्त झळ बसलेल्या राज्यांत राजस्थानही आहे. अंगणात दिसलेला साप मारल्याने यातला अंधार, अनवाणी पाय आणि जमिनीवरचं अंथरूण काही बदलत नाही. उलट काठी घेऊन जवळ जाणं हाच नवा धोका. फुरसं वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखी खरखर करतं, ती दूर राहण्याची सूचना असते.

मग पकडून दूर नेऊन सोडावा, हा दयाळू वाटणारा उपायही तपासून पाहायला हवा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात खुळखुळ्या सापांना अनोळखी जंगलात सोडलं, तेव्हा त्यांतले निम्म्याहून अधिक मेले. मूळ रहिवासी सापांत हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास होतं. साप ओळखीच्या बिळांवर आणि शिकारीच्या जागांवर जगतो. म्हणून हलवायचाच झाला तर जाणकाराने, जवळच्याच मोकळ्या रानात. आणि तो ज्यासाठी आला ते तसंच राहिलं, तर त्याच्या जागी दुसरा येणारच. बाजरीच्या दाण्यांमागे उंदीर येतात, उंदरांमागे साप. धान्याची कोठी झाकलेली, भिंतीतली बिळं बुजवलेली, सरपण आणि गोवऱ्या घरापासून दूर, काटेरी कुंपण भिंतीला न टेकलेलं: खरा बंदोबस्त तो हा. फिनेल, कार्बोलिक किंवा लसणावर विसंबू नये.

यावर रास्त आक्षेप असा की ढाणीत सर्पमित्र कुठून येणार, आणि अंगणात मूल खेळत असताना सापाची दया कशी करायची? मूल शेजारी असताना घाबरून काठी उचलणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण आधी मुलाला उचलावं, जनावरं बाजूला घ्यावीत आणि एकाने लांबून नजर ठेवावी. वाट मोकळी मिळाली की साप सहसा निघून जातो. खोलीत असेल तर दाराच्या फटीत कापड कोंबून ती बंद करावी आणि जाणकाराला बोलवावं. यात सापाइतकाच माणसाचाही जीव वाचतो.

थरमध्ये दंश टाळण्याला आणखी एक कारण आहे. आपली प्रतिविषाची लस मुख्यतः तमिळनाडूत काढलेल्या विषापासून बनते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की थरकडचं फुरसं आणि सिंधची मण्यार यांच्या विषावर ती कमी पडते. म्हणून इस्पितळ टाळावं असं मुळीच नाही. मण्यारीच्या रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवून वाचवता येतं. सर्पदंशावर तिथले लोक ज्यांचा धावा करतात त्या तेजाजींच्या नावाची तांती, म्हणजे दोरा, बांधायची तर गाडीत बसल्यावर बांधा, तिच्यासाठी तास घालवू नका. जखम कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. चावलेला हातपाय स्थिर ठेवून थेट दवाखाना गाठा. नेपाळच्या तराईत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश बराच कमी होतो असं आढळलं आहे. तेव्हा पावसाळ्याआधी खाट, कडा अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी आणि उशाशी बॅटरी, एवढी सोय घरातल्या प्रत्येकासाठी करा, लेकरांसाठी सर्वांत आधी.